बटण फिरवलं की थोडं थांबायचं: १९५० च्या दशकातल्या ब्रिटनमधला रेडिओचा एक दिवस

बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. त्यामुळे ब्रिटनमध्ये एक जुना वाद पुन्हा वर आला आहे: जो कार्यक्रम मी बघत नाही, ऐकत नाही, त्याचे पैसे मी का भरायचे? आपल्याकडे ही बातमी वाचणाऱ्याला वेगळाच प्रश्न पडतो. रेडिओ-टीव्हीसाठी घरटी पैसे भरायची पद्धत आली कुठून, आणि लोकांनी ती इतकी वर्षं चालवून कशी घेतली?

याचं उत्तर कायद्याच्या कलमांत शोधण्यापेक्षा ही व्यवस्था ऐन भरात असतानाचा एक दिवस ऐकून बघावा, असं मला वाटतं. म्हणून आपण १९५३ च्या आसपासच्या ब्रिटनमध्ये जाऊ. टीव्ही आलेला आहे, पण थोड्या घरांत. साखर आणि मांस अजून शिधापत्रिकेवर मिळतंय. आणि जवळपास प्रत्येक घरात एका कोनाड्यात लाकडी पेटीचा रेडिओ आहे. पुढे सांगितलेला दिवस एकाच तारखेचा नाही. १९५१ ते १९५५ या काळात रोज कानावर पडणाऱ्या गोष्टी एका दिवसात ओवल्या आहेत. वेळा वर्षागणिक थोड्या इकडेतिकडे होत.

आधी पैशांचं

१९२२ साली रेडिओचे संच बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून बीबीसी सुरू केली. संच विकायचे तर त्यावर ऐकायला काहीतरी हवं, इतका साधा हिशेब त्यामागे होता. १ जानेवारी १९२७ पासून तिचं सार्वजनिक महामंडळ झालं. हे महामंडळ राजाच्या सनदेवर चालतं. सनद म्हणजे ठरावीक वर्षांसाठी दिलेला अधिकारपत्राचा कागद. संस्थेनं काय करायचं, कोणाला उत्तरदायी राहायचं हे त्यात लिहिलेलं असतं, आणि मुदत संपली की सगळ्याची पुन्हा चर्चा होते.

जाहिराती घ्यायच्या नाहीत असं ठरलेलं होतं, म्हणून पैसे श्रोत्यांकडून घेतले जात. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे. आधी तो वर्षाला दहा शिलिंगांचा होता, १९४६ पासून एक पौंडाचा झाला. एका पौंडाचे तेव्हा २४० पेन्स होत, म्हणजे आठवड्याला पाच पेन्ससुद्धा पडत नसत. आपल्याकडेही पोस्टात रेडिओचा परवाना काढणारी, त्या पुस्तिकेवर तिकिटं चिकटवून घेणारी पिढी अजून आहे. त्यांना हे वेगळं समजावायला नको.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांनी गल्लीतल्या गणपतीची वर्गणी डोळ्यांपुढे आणावी. वर्गणी सगळे देतात. कुणाला आरतीत रस असतो, कुणाला ऑर्केस्ट्रात, कुणाला फक्त मुलांच्या चित्रकला स्पर्धेत. आपण दिलेल्या पैशांतून नेमकं आपल्याच आवडीचं काय झालं, हे कुणी मोजत बसत नाही. फरक एवढाच, की इथे वर्गणी न देता ऐकणं हा गुन्हा होता.

तीनच वाहिन्या का?

त्या काळात देशभर ऐकू येणाऱ्या बीबीसीच्या तीन वाहिन्या होत्या. ‘होम सर्व्हिस’वर बातम्या, भाषणं, नाटकं, शाळांसाठीचे पाठ आणि वाद्यवृंदाचं संगीत लागे. ‘लाइट प्रोग्रॅम’वर गाणी, विनोद आणि मालिका. ‘थर्ड प्रोग्रॅम’ फक्त संध्याकाळनंतर सुरू होई आणि त्यावर कविता, अवघड संगीत, तत्त्वज्ञान असे विषय येत.

तीनच असण्याचं कारण लहरींच्या टंचाईत आहे. रेडिओचं केंद्र हवेतून विशिष्ट लांबीच्या लहरी सोडतं. दोन जवळच्या केंद्रांनी एकच लांबी वापरली तर एकाच देवळात दोन कीर्तनं लागल्यासारखं होतं, एकही धड ऐकू येत नाही. युरोपात देश खेटून खेटून आहेत आणि वापरता येण्याजोग्या लहरी मोजक्या. त्यामुळे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात तशा लहरी वाटून घ्याव्या लागल्या. कोपनहेगनला झालेल्या करारानुसार ही नवी वाटणी मार्च १९५० पासून लागू झाली.

लाइट प्रोग्रॅमच्या वाट्याला १५०० मीटरची दीर्घ लहर होती. वूस्टरशायरमधल्या ड्रॉइटविच इथल्या उंच मनोऱ्यांवरून ती सुटत असे. अशी लांब लहर जमिनीला धरून दूरवर जाते, डोंगराला फारशी अडत नाही आणि समुद्रावरही पोचते. मध्यम लहरींचं तसं नसतं. दिवसा त्या बऱ्या चालतात, पण सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात, आणि शेकडो मैलांवरच्या परक्या केंद्राचा आवाज मध्येच घुसतो. थर्ड प्रोग्रॅमला याचा सगळ्यात जास्त त्रास झाला. कितीतरी गावांत त्यातली सुंदर सुरावट खरखरीतच बुडून जाई. मे १९५५ मध्ये केंट परगण्यातल्या रोथम इथून व्हीएचएफवर, म्हणजे आपण आज ज्याला एफएम म्हणतो त्यावर, प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा कुठे हा प्रश्न सुटू लागला.

सकाळ: सहा टोले आणि प्रार्थना

माझ्या आजोळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यामुळे हा भाग मला हाताला जाणवतो. बटण फिरवलं की ‘टक्’ असा आवाज येई आणि मग काहीच होत नसे. आत काचेच्या नळ्या हळूहळू तापत. आधी केंद्रांची नावं लिहिलेली काचेची पट्टी पिवळसर उजळे, मग एक बारीक गुणगुण सुरू होई, आणि अर्ध्या मिनिटानं कुठूनतरी लांबून आल्यासारखा माणसाचा आवाज जवळ जवळ येत जाई. गरम झालेल्या धुळीचा एक वास यायचा. ब्रिटनमधल्या लाखो घरांत दिवस असाच उजाडत होता.

होम सर्व्हिसवर सातला आणि आठला बातम्या असत. तासाच्या ठोक्याला सहा टोले पडत. ग्रिनिचच्या वेधशाळेच्या घड्याळावरून येणारा हा वेळेचा इशारा ५ फेब्रुवारी १९२४ पासून सुरू होता, आणि लोक त्यावर घरातली, खिशातली घड्याळं लावत. आठाच्या बातम्यांच्या थोडं आधी पाच मिनिटांचं धार्मिक चिंतन होई. सव्वादहाला रोजची प्रार्थनासभा. ती १९२८ पासून चालू होती.

लाइट प्रोग्रॅमवर नवाच्या बातम्या संपल्या की ‘हाउसवाइव्ह्ज चॉइस’ लागे. नावाप्रमाणे हा गृहिणींच्या फर्माइशींचा कार्यक्रम. नवरा कामावर आणि मुलं शाळेत गेली की ओट्याशी उभं राहून ऐकायचा. पत्र पाठवायचं आणि आपलं नाव निवेदकाच्या तोंडून ऐकायची वाट बघायची. आकाशवाणीवरच्या ‘आपली आवड’साठी पोस्टकार्डं लिहिलेल्या कुणालाही ही धडधड ओळखीची वाटेल.

कारखान्यातला अर्धा तास

साडेदहाच्या सुमाराला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ सुरू होई. दुपारी त्याचा आणखी एक प्रयोग असे. मला विचाराल तर या सगळ्या दिवसातली ही सर्वांत विचारपूर्वक घडवलेली गोष्ट आहे.

याची सुरुवात युद्धात, २३ जून १९४० ला झाली. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत बायका-पुरुष लांबलचक पाळ्या करत होते. सकाळी मध्यावर आणि दुपारी मध्यावर कामाचा वेग मंदावतो, हे ठाऊक होतं. नेमक्या त्याच वेळेला अर्धा तास सलग संगीत द्यायचं ठरलं. संगीत कसं असावं याचे नियम होते. मध्ये बोलणं जवळजवळ नाही. एक चाल संपली की दुसरी लगेच सुरू. लय चपळ. आवाज वर-खाली फार होता कामा नये, कारण यंत्रांच्या घरघरीत हळू वाजलेलं काहीच ऐकू जात नाही आणि एकदम मोठं वाजलं तर हातातलं काम चुकतं. सुस्ती आणणाऱ्या चाली टाळायच्या. एका लोकप्रिय अमेरिकन गाण्यात मध्ये टाळ्यांची जागा होती. कामगार तिथे हातातल्या पान्यानं आणि हातोडीनं टेबलं ठोकत, म्हणून ते गाणं या कार्यक्रमातून वर्ज्य झालं.

युद्ध संपलं तरी कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला. जोडीला ‘वर्कर्स प्लेटाइम’ होता. तो १९४१ पासून थेट कारखान्यांच्या कँटीनमधून होई. जेवणाच्या सुट्टीत विनोदी कलाकार आणि गायक तिथे येत, समोर डबे उघडलेले कामगार बसलेले असत, आणि त्यांचं हसणं साऱ्या देशाला ऐकू जाई. युद्धाच्या काळात कारखान्याचं नाव मात्र सांगत नसत. शत्रू ऐकत असे.

रेकॉर्ड लावायला काय अडचण होती?

इथे एक साधा प्रश्न येतो. रोज दोनदा जिवंत वाद्यवृंद कशाला? तबकडी लावली असती तर स्वस्तात झालं असतं.

तसं करता येत नव्हतं. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या आणि वादकांची संघटना यांची भीती अशी, की रेडिओवर फुकटात सगळं ऐकू आलं तर तबकड्या कोण विकत घेईल आणि वादकांना काम कोण देईल? म्हणून बीबीसीशी करार झाला होता: आठवड्याला ठरावीक तासच तबकड्या वाजवायच्या. तबकडीवर सुई फिरते, म्हणून या कोट्याला ‘सुईचे तास’ म्हणत. हाउसवाइव्ह्ज चॉइससारखे कार्यक्रम हा कोटा खात. उरलेल्या वेळेला माणसांनी समोर बसून वाजवायचं. त्यामुळे बीबीसीनं स्वतःचे कितीतरी वाद्यवृंद पदरी ठेवले होते, आणि शेकडो वादकांची घरं रेडिओवर चालत होती. आज कुणाला हा अडाणी निर्बंध वाटेल. मला वाटत नाही. त्या करारामुळे एका पिढीच्या हातातली कला टिकली.

दुपारी पावणेदोन ते चार

पावणेदोनला पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ‘लिसन विथ मदर’ लागे. १६ जानेवारी १९५० ला हा कार्यक्रम सुरू झाला. पंधरा मिनिटं. एक गोष्ट, चार बडबडगीतं, आणि फोरे या फ्रेंच संगीतकाराची पियानोवरची एक अंगाईची धून. गोष्टीआधी निवेदिका विचारी, ‘नीट बसलात ना? मग मी सुरू करते.’ हे वाक्य ब्रिटनमध्ये म्हणीसारखं रुळलं.

दोनच्या ठोक्याला ‘वुमन्स अवर’. या दोन कार्यक्रमांची जागा बघा. दुपारचं जेवण उरकलेलं, भांडी झालेली, लहान मूल गोष्ट ऐकून झोपायच्या बेताला आलेलं, आणि मग आईला तिचा म्हणून एक तास. वेळापत्रक करणाऱ्यानं घरातला दिवस किती बारकाईनं पाहिला होता, हे इथे कळतं. ७ ऑक्टोबर १९४६ ला वुमन्स अवर सुरू झाला तेव्हा बायकांच्या या कार्यक्रमाचा निवेदक एक पुरुष होता. श्रोत्या बायकांना ते रुचलं नाही आणि लवकरच स्त्रियांनी सूत्रं घेतली. पाककृती आणि विणकामाबरोबर आजारपण, पैसा, कायदा, राजकारण असे विषय त्यात येत गेले.

चारच्या सुमाराला ‘मिसेस डेल्स डायरी’. लंडनच्या एका काल्पनिक उपनगरातल्या डॉक्टरच्या बायकोची रोजनिशी. त्यात फारसं काही घडत नसे. कुणाची तब्येत, कुणाचं लग्न, मांजराचं काहीतरी. तरी १९४८ ते १९६९ अशी एकवीस वर्षं लोकांनी ती रोज ऐकली, आणि दुपारी चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा ऐकली. पाचला होम सर्व्हिसवर मोठ्या मुलांचा ‘चिल्ड्रन्स अवर’ आणि सहाला बातम्या.

संध्याकाळी पावणेसात: शेतीखात्याची मालिका

‘द आर्चर्स’ ही शेतकरी कुटुंबाची मालिका आजही चालू आहे. ती कशी जन्मली हे समजलं, तर सरकारी माहिती लोकांच्या गळी कशी उतरवावी याचा धडाच मिळतो.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये अन्नाची टंचाई होती. शेवटची शिधाबंदी उठायला जुलै १९५४ उजाडावा लागला. शेतकऱ्यांनी नवी पद्धत, नवी खतं, नवी यंत्रं वापरावीत यासाठी शेतीवरची भाषणं होत, पण ती ऐकतो कोण? त्या दिवसांत लाइट प्रोग्रॅमवर पावणेसातला ‘डिक बार्टन’ नावाची हेरकथा लागे. दर भागाच्या शेवटी नायक मरणाच्या दारात, आणि सारा देश उद्याच्या वाटेवर. १९४८ मध्ये बर्मिंगहॅमला शेतकरी आणि बीबीसीची माणसं यांची बैठक झाली. तिथे हेन्री बर्ट नावाचा एक शेतकरी उठून म्हणाला, आम्हाला शेतीतला डिक बार्टन हवा. लोक हसले. बीबीसीच्या गॉडफ्रे बेझ्ली यांनी मात्र ते डोक्यात ठेवलं.

१ जानेवारी १९५१ पासून मालिका देशभर सुरू झाली. गावाचं नाव ॲम्ब्रिज, नकाशावर नसलेलं. संवादांत शेतीखात्याची माहिती मिसळलेली असे: गुरांचा रोग, बियाणं, दुधाचा भाव. काही महिन्यांतच आर्चर्सनं पावणेसातची जागा घेतली आणि डिक बार्टन बंद पडला.

२२ सप्टेंबर १९५५ च्या संध्याकाळी मालिकेतली ग्रेस आर्चर ही नवविवाहिता तबेल्याला लागलेल्या आगीत घोडा वाचवायला गेली आणि मेली. बीबीसीच्या फोनवर लोकांची झुंबड उडाली. कित्येकांना आपल्या ओळखीची मुलगी गेल्यासारखं वाटलं. त्याच संध्याकाळी ब्रिटनमधला पहिला जाहिरातींवर चालणारा टीव्ही सुरू होत होता, हे मुद्दाम सांगायला हवं.

रात्र: हसू, बिग बेन आणि कविता

रात्री घर एकत्र असे, म्हणून विनोदी कार्यक्रम या वेळेत. ‘एज्युकेटिंग आर्ची’ हा त्यातला फार लोकप्रिय. पीटर ब्रो हे शब्दभ्रमकार आणि आर्ची हा त्यांचा बाहुला. आपला अर्धवटराव रेडिओवर आणला असता तर कसं झालं असतं, ते मनात आणा. ओठ न हलवता बोलण्याची कला, आणि ओठ कुणालाच दिसत नाहीत! तरी लोकांनी आर्चीला खरा मुलगा मानलं. कोवळ्या वयातली ज्यूली अँड्र्यूज याच कार्यक्रमात गायची.

मे १९५१ मध्ये ‘गून शो’ आला. अर्थाची मोडतोड करणारा, आवाजांचा दंगा घालणारा विनोद. त्याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ ला आपल्या अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात जन्मला. वडील ब्रिटिश सैन्यात होते. त्याचं लहानपण पुण्यात आणि पुढे रंगूनला गेलं. ब्रिटनच्या विनोदाची दिशा बदलणारा माणूस आपल्या मातीत वाढला याचा मला मनापासून आनंद वाटतो.

विनोदावर बंधनं मात्र कडक. १९४० च्या दशकाच्या अखेरीस निर्मात्यांसाठी नियमांची एक पुस्तिका निघाली. शौचालयावरचे विनोद नकोत, मधुचंद्राच्या जोडप्यांवर नकोत, बायकांच्या अंतर्वस्त्रांवर नकोत, घरात ठेवलेल्या भाडेकरूवर नकोत. लेखकांना द्व्यर्थ सोडून शब्दांशीच खेळावं लागलं, आणि गून शोसारखं काहीतरी उगवायला ही बंदीही थोडी कारण झाली असावी.

नऊला होम सर्व्हिसवर बिग बेनचे ठोके आणि बातम्या. त्याच वेळी थर्ड प्रोग्रॅमवर वेगळं जग चाले. २९ सप्टेंबर १९४६ ला तो सुरू झाला तो मुळी वेळेच्या चौकटी झुगारून. संगीतिका तीन तासांची असेल तर तीन तास. २५ जानेवारी १९५४ च्या रात्री डिलन टॉमसची ‘अंडर मिल्क वुड’ ही श्रुतिका इथेच पहिल्यांदा ऐकू आली. वेल्समधल्या समुद्रकाठच्या एका लहान गावाची एक रात्र आणि एक दिवस, फक्त आवाजांतून. सूत्रधाराचा आवाज नट रिचर्ड बर्टनचा. स्वतः कवी ती ऐकायला नव्हता. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्याचं न्यूयॉर्कला निधन झालं होतं.

अकराला लाइट प्रोग्रॅमवर एखाद्या कादंबरीचं पंधरा मिनिटांचं वाचन असे. आणि दीर्घ लहर समुद्रावर पोचते म्हणून याच वाहिनीवरून जहाजांसाठी हवामानाचा अंदाज वाचला जाई. डॉगर, हंबर, टेम्स, डोव्हर असे समुद्राचे तुकडे एकामागून एक, सावकाश, लिहून घेता येतील अशा बेतानं. उबदार अंथरुणातल्या माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता. मासेमारीच्या होडीवरच्या माणसाला मात्र त्याच्यावर जीव ठेवावा लागे. मध्यरात्री लाइट प्रोग्रॅम बंद होई आणि मग सकाळपर्यंत काही नाही.

‘पण लोकांना नको ते ऐकवायचा अधिकार यांना कुणी दिला?’

हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नाही. १९४४ ते १९५२ या काळात बीबीसीचे प्रमुख असलेले विल्यम हेली श्रोत्यांकडे पिरॅमिडसारखं बघत. तळाला लाइट, मध्ये होम, टोकाला थर्ड, आणि माणसानं आयुष्यभरात हळूहळू वर चढत जावं. या विचारात वरून बघण्याचा सूर आहे. लोक काही असे चढले नाहीत. थर्डचे श्रोते शेकड्यात एक-दोनच राहिले.

पण प्रत्यक्षात घडत होतं ते याहून साधं होतं. पंगतीत बसलं की वाढपी कोशिंबीरही वाढतो, कुरडईही, अळूची भाजीही. जिलबीसाठी बसलेला माणूस अळू चाखतो आणि कधीकधी त्याला ते आवडतं. मिसेस डेलसाठी लावलेला रेडिओ पुढच्या कार्यक्रमालाही चालूच राही, कारण पीठ मळलेल्या हातानं कोण बटण फिरवणार? होम सर्व्हिसवर तर बातम्या, नाटक, शेती, वाद्यवृंद सगळं एकाच माळेत असे. आज आपला फोन कालच्या आवडीवरून आजचं वाढतो. तिथे अळू येतच नाही.

थर्डसाठी सगळ्यांचे पैसे का, याचंही उत्तर यात आहे. गावातल्या ग्रंथालयात ज्ञानकोश किती जण उघडतात? तरी तो असावा असं वाटतंच. १९५७ मध्ये थर्डचे तास आठवड्याला ४० वरून २४ वर आणले, तेव्हा कवी टी. एस. एलियट, नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासारख्यांनी जाहीर विरोध केला.

‘ही तर मक्तेदारी झाली’

झालीच. १९५१ मध्ये प्रसारणाचा विचार करणाऱ्या बेव्हरिज समितीनं बीबीसीची मक्तेदारी चालू ठेवावी असं सुचवलं, तेव्हा समितीतल्या सेल्विन लॉइड यांनी वेगळा अहवाल देऊन विरोध केला. टीव्हीतली मक्तेदारी १९५५ मध्ये मोडली. देशाच्या भूमीवरचा कायदेशीर खासगी रेडिओ यायला मात्र १९७३ उजाडलं. तोवर ज्यांना जाहिरातींसकट नाचगाणी हवी होती ते रात्री रेडिओ लक्झेंबर्ग हे परदेशातलं केंद्र लावत.

यापेक्षा गंभीर दोष राजकारणातला होता. संसदेत पंधरवड्यात ज्या विषयावर चर्चा व्हायची असेल, त्यावर रेडिओनं आधी चर्चा करायची नाही असा नियम होता. लोकांना ज्या प्रश्नावर सर्वांत जास्त ऐकायचं असे, नेमक्या त्यावर गप्प बसायचं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो सुटला. इतका उशीर व्हायला नको होता.

‘सगळे एकाच सुरात बोलायचे ना?’

बातम्या बहुतेक दक्षिण इंग्लंडच्या सुशिक्षित उच्चारांतच होत. पुण्याच्या पेठेतल्या बोलीलाच प्रमाण मानलं तर नागपूरच्या, मालवणच्या माणसाला जसं वाटेल, तसं उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या माणसाला वाटे. युद्धकाळात विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या निवेदकाला बातम्या वाचायला आणलं, तर तक्रारींची पत्रं आली. काही तर उत्तरेतूनच, आमच्या उच्चारांत बातम्या खऱ्या वाटत नाहीत म्हणून! पण हेच पिकल्स १९४६ पासून ‘हॅव अ गो’ घेऊन गावोगाव हिंडले, सभागृहांत साध्या माणसांना बोलतं केलं, छोटी बक्षिसं वाटली. गिरणी कामगार, म्हातारी आजी, बस कंडक्टर आपापल्या बोलीत बोलले आणि देशानं ते आवडीनं ऐकलं.

आपल्या कानांशी नातं

बीबीसीचं एक टोक आपल्याकडे होतं. १९३५ मध्ये लायनेल फील्डन हे बीबीसीतले गृहस्थ भारतातल्या प्रसारणाचे प्रमुख म्हणून आले आणि पुढच्या वर्षी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडलं. आकाशवाणीवरच्या कामगारांच्या सभेत, वनिता मंडळात, मुलांच्या आणि शेतकऱ्यांच्या कार्यक्रमांत दिवस वाटून घेण्याची तीच समज दिसते: या वेळेला घरात कोण असेल आणि त्याचे हात कशात गुंतलेले असतील?

शिवाय १९४२ पासून १९५८ पर्यंत लंडनहून लघुलहरींवर मराठीतही प्रसारण होत असे. जॉर्ज ऑरवेल तेव्हा बीबीसीच्या पूर्व विभागात काम करत होते, आणि त्यांनी इंग्रजीत लिहिलेली बातमीपत्रं मराठीत भाषांतर होऊन वाचली जात. कोल्हापूर भागातून गेलेल्या वेणू चितळे त्यांच्या सहकारी होत्या. १९४२ मधलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: मायक्रोफोनभोवती एलियट, मुल्कराज आनंद, जमैकाच्या उना मार्सन, मागे उभे ऑरवेल, आणि त्यांच्यात वेणूताई.

मग काय झालं?

३० सप्टेंबर १९६७ ला जुनी नावं गेली. लाइटचं रेडिओ टू, थर्डचं रेडिओ थ्री, होमचं रेडिओ फोर झालं, आणि तरुणांच्या गाण्यांसाठी रेडिओ वन आलं. पुढच्या तीन-चार वर्षांत मिसळीची पद्धत मोडून गाण्यांची वाहिनी वेगळी, बोलण्याची वेगळी, अभिजात संगीताची वेगळी अशी विभागणी झाली. फक्त रेडिओसाठीचा परवाना फेब्रुवारी १९७१ मध्ये रद्द झाला. शुल्क उरलं ते टीव्हीचं, आणि आजचा वाद त्यावरच चालू आहे.

वुमन्स अवर, आर्चर्स आणि जहाजांचा हवामान अंदाज अजून लागतात. सहा टोलेही पडतात. पूर्वी सहाही सारख्या लांबीचे असत. १९७२ पासून शेवटचा थोडा लांब वाजतो, म्हणजे मध्येच रेडिओ लावणाऱ्यालाही कळावं की तास नेमका कुठे सुरू झाला.